धाकटीची मराठी

माझी धाकटी जाऊ आमच्या घरात आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्दही येत नव्हता. तिचं गाव ओडिशात, समुद्राच्या बाजूला. माझे दीर तेव्हा हैदराबादला वायरिंगची कामं करायचे, आणि ती तिथल्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. त्या स्वयंपाकघरातला पंखा सारखा बिघडायचा. तो इतका कसा बिघडायचा ते आमच्या दिरांनाच ठाऊक. पंखा दुरुस्त होता होता लग्न ठरलं. तिच्या भावानं आणि आमच्या यांनी फोनवर बोलून होकार दिला, लग्न तिकडंच झालं आणि एका सकाळी चुडाव्याच्या स्टेशनवर पॅसेंजरमधून दोघं उतरली.

नवराबायको आपसात हिंदीत बोलायची. पण तिची हिंदी स्वयंपाकघरात शिकलेली. 'चावल डालो', 'जल्दी करो', 'कितना आदमी', एवढ्यातच ती संपायची. दिरांची हिंदी 'हौ' आणि 'नक्को'ची. त्या दोघांचं कसं जमलं असेल, असं मी एकदा यांना विचारलं तर हे म्हणाले, "तुला मला सगळी मराठी येती, तरी कुठं जमतंय?"

दीर थोड्याच दिवसांत कामावर परत गेले. तिथलं काम एकदम सोडता येण्यासारखं नव्हतं. हे दिवसभर शेतात, माझी मुलगी शाळेत. घरात उरलो आम्ही तिघी, सासूबाई, मी आणि ही. मी घरीच शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी माझी मशीन आहे, गावातल्या बायकांचे ब्लाउज, पोरींचे ड्रेस, पिको-फॉल असं सगळं चालतं. धाकटी माझ्याजवळ येऊन बसायची आणि हूक लावायची. हात सफाईदार होता. पण तोंडातून शब्द नाही. आम्ही बोललो की आमच्या ओठांकडे बघायची आणि आमच्या वाक्यातला शेवटचा शब्द हळूच स्वतःशी म्हणायची.

बोलायला सुरुवात झाली ती एका काट्यावरून. मागच्या अंगणात सरपण आणायला गेली आणि बाभळीचा काटा पायात मोडला. ओट्यावर बसून रडायला लागली. सासूबाई धावत गेल्या, मीही मशीन सोडून गेले.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"गोड," ती म्हणाली. "मो गोड..."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "गोड पायजे म्हणतीय. घर आठवलं आसंल, काईतरी गोड खावं वाटायलंय लेकराला." त्या आत गेल्या आणि डब्यातला गुळाचा खडा आणून तिच्या तोंडात घातला.

तिनं डोळे पुसले, गूळ चघळला आणि पुन्हा म्हणाली, "गोड!"

सासूबाईंनी दुसरा खडा आणला. आता दोन्ही गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि तोंडात गूळ असल्यामुळे बोलता येईना. शेवटी तिनं पाय उचलला आणि सरळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. तळव्यात काळा काटा दिसत होता.

"अगं माय! पायाला गोड म्हणती व्हय ही!"

पहिल्यांदा सासूबाई हसल्या, मग मी, आणि मग तीसुद्धा. गूळ बाहेर येऊ नये म्हणून तोंडावर हात धरून हसली. मी सुईनं काटा काढला. तोवर सासूबाईंना चेव आला होता. त्यांनी आपला हात पुढं केला, "याला काय म्हणतीस?"

"हात," ती म्हणाली.

"हात? आमीबी हातच म्हणतो! आन् हे?"

"नाक."

"कान?"

"कान."

पाणी तेच, दूध तेच, घर तेच. ती म्हणताना मात्र शब्दाच्या शेवटी एक लहानसा ओ-सारखा स्वर राहायचा, 'घर' म्हणून ती थांबायची नाही, पुढं थोडं घसरायची. वाट म्हणजे बाट. दारातली शेळी म्हणजे छेळी. तेवढ्यावर सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "आपलीच हाय की ही भाषा. जरा लांब जाऊन पडलीय, एवढंच."

त्या दिवसापासून आमच्या घरात पाय दुखला की 'गोड दुखायलंय' म्हणायची पद्धत पडली. माझ्या मुलीनं ते शाळेत नेलं, आणि तिच्या मैत्रिणींनी आपापल्या घरी.

मला ती 'नानी' म्हणायची. तिच्याकडं मोठ्या बहिणीला नानी म्हणतात. हे कळेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. पस्तिशीच्या बाईला कुणी येता-जाता नानी म्हटलं तर काय वाटेल? शिवायला आलेल्या बायका चकित होऊन माझ्या केसांकडे बघायच्या.

पुढं खूप दिवसांनी, तिला बऱ्यापैकी बोलता यायला लागल्यावर, मी तिला विचारलं होतं, "सुरुवातीला आमी बोलायचो तेव्हा तुला कसं ऐकू यायचं गं?" तिनं थोडा विचार करून सांगितलं, "एकच लांब शब्द वाटायचा. सकाळी चालू व्हायचा, रात्री संपायचा. कुठं तुटतोय तेच कळायचं न्हाई." मग म्हणाली, "सगळ्यात आधी मला 'मग' सापडला. तुमी लोक लय वेळा 'मग' म्हणता. तो ऐकू यायला लागला की त्याच्या आधी काय आन् नंतर काय, ते वेगळं व्हायचं." तिनं हे सांगितल्यावर मी दिवसभर आमच्या घरातले 'मग' ऐकत होते. खरंच लय होते.

पण पहिल्यांदा ती जे बोलली ते सुटे शब्द नव्हतेच. घरी कुणी आलं की सासूबाई एकच वाक्य म्हणायच्या, "बसा की वो, चहा घ्या." धाकटीनं ते सगळं वाक्य एक शब्द म्हणून उचललं. 'बसाकीवोच्याघ्या'. कुणीही दारात दिसलं की ती हे म्हणायची. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला म्हणाली, तो बसला आणि चहा घेऊन गेला. दळण घेऊन आलेल्या पोराला म्हणाली. अंगणात घुसलेल्या दुसऱ्याच्या वासराला सुद्धा म्हणाली, कारण तिच्या समजुतीप्रमाणे दारात कुणी आलं की करायचा तो आवाज होता. गावात बातमी पसरली की यांच्या घरी नवी सून लय अगत्याची आहे. आमची चहापत्ती दुपटीनं संपायला लागली.

आणि मग एका दुपारी तो शब्द फुटला. कडक ऊन होतं. खालच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या बाई नातीचं परकर-पोलकं टाकायला आल्या. मी आतून बाहेर येत होते. धाकटी उठली, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाली, "बसा की वो. पाणी घ्या."

मी दारातच उभी राहिले. हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरात पाणी 'घ्या' म्हणून कुणी म्हणतच नाही, न विचारता तांब्या पुढं करतात. चहा काढून तिथं पाणी ठेवायचं, हे तिनं तिच्या डोक्यात केलं होतं. त्या बाईंनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, आणि सांगायला सासूबाईंशिवाय कुणी नव्हतं. मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आता धरलं बघ तिनं. माझी पोरं बी आसंच बोलायला लागली होती. आधी पोपट, मग माणूस."

पोपटाचं माणूस झालं आणि चुका सुरू झाल्या. आधी तिच्या चुका होत नव्हत्या, कारण आमचंच वाक्य जसंच्या तसं यायचं. आता ती स्वतः वाक्यं करायला लागली, आणि 'मी भाजी करली' म्हणायला लागली. 'देली' म्हणायची, 'घेतली'ला 'घेली' म्हणायची. माझी मुलगी फिदीफिदी हसायची. मी तिला सांगितलं, "तू दोन वर्षांची असताना 'मी शू करली' म्हणायचीस, तेव्हा आमी हसलो का?" हसलो होतो खरं तर. पण मनात मला नवल वाटत होतं. करली हा शब्द आमच्या घरात कुणी म्हणत नाही. माझ्या मुलीनं तो कुणाकडून ऐकला नव्हता, आणि हिनंही नाही. बसली, उठली, हसली, तर मग करली का नाही? दोघींनी आपल्या आपण हिशेब लावला होता आणि दोघींचा हिशेब बरोबर होता. भाषाच मध्येच वाकडी जात होती.

सगळ्यात जास्त घोळ मशीनवर बसून झाला. तिच्या भाषेत तो, ती, ते असली भानगडच नाही. माणूस येवो, बाई येवो, बैल येवो, क्रियापद एकच. त्यामुळं ती 'मी आला' म्हणायची, आणि दीर सुट्टीला यायचे तेव्हा 'ते आली'. एकदा मी तिला म्हटलं, "ती सुई दे." मग म्हटलं, "तो दोरा." मग, "ते कापड धर."

ती कापड हातात धरून थांबली. "नानी, सुई ती?"

"हौ."

"दोरा तो?"

"हौ."

"कापड ते?"

"ते."

"का?"

मी मशीन थांबवली. आयुष्यभर मी सुईला ती म्हणत आले, पण का म्हणून कधी मनात आलं नव्हतं. खूप वेळ विचार करून मी म्हटलं, "तसंच हाय."

तिला ते पटलं नाही. तिनं स्वतःच शोध लावायचं ठरवलं. दोनचार दिवस घरातल्या एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारत फिरली, आणि मग एका संध्याकाळी चुलीपाशी बसून तिनं आम्हाला नियम सांगितला. शेवटी आ असला की तो. दोरा, तवा, मळा, डबा. शेवटी ई असली की ती. सुई, वाटी, चटणी. बाकीचं ते. मी आणि सासूबाई एकमेकींकडं बघायला लागलो. बरोबरच होतं की! आम्ही दोघी जन्मभर मराठी बोलत होतो आणि हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

नियम सांगून ती खुशीत उठली, माठावर फुलपात्र धरलं आणि म्हणाली, "पाणी थंड झाली."

"झालं," मी म्हटलं. "पाणी झालं."

तिचा चेहरा पडला. "पाणी. ई!"

आता मीही अडकले. तेव्हा सासूबाईंनी उत्तर दिलं. "अगं, पाणी कुणाचं बी आसतंय का? न बापाचं न मायचं. म्हणून ते."

"लोणी?" धाकटीनं विचारलं.

"लोणी ताकातून निघतंय, आन् ताकात पाणीच आसतंय की."

"शाळा? आ! तरी ती?"

"शाळेत बाई शिकवती."

"सर न्हाईत?"

यावर सासूबाई म्हणाल्या, "भाकरी जळायलीय तिकडं, बघ आधी." भाकरीच्या शेवटी ई होती, म्हणून धाकटी समाधानानं उठली.

पुढं तिनं का विचारणं सोडून दिलं. आणि गंमत म्हणजे सोडून दिल्यावरच तिला यायला लागलं. कधीतरी माझ्या लक्षात आलं की ती सरळ 'पाणी आलं, नळ गेला, लाईट आली' असं म्हणतेय. कधी शिकली, कुणाला माहीत. तिला विचारलं तर म्हणाली, "आता 'पाणी आली' म्हणलं की कानाला टोचतंय." काटा टोचावा तसं. म्हणजे कान आमचा झाला होता.

तरी तिची मराठी घरातल्या घरातच होती. सासूबाई तिला एकटीला कुठं पाठवायच्या नाहीत. भाषा येत नाही, कुणाला काय सांगंल, कुठं हरवंल, अशी त्यांना भीती. जीव लावल्यामुळंच ती भीती होती, पण धाकटीला तिचा काच व्हायला लागला. एकदा मला ताप आला आणि अस्तराचं कापड तालुक्याहून, पूर्ण्याहून आणायचं होतं. धाकटी म्हणाली, "मी जाते." सासूबाई म्हणाल्या, "तू बस गप घरी. पाहिजे ते सगळं घरात मिळतंय की तुला."

आधी कधी चिडली की धाकटी तिच्या भाषेत पुटपुटायची आणि आत निघून जायची. आम्हाला काही कळायचं नाही, त्यामुळं भांडण व्हायचंच नाही. त्या दिवशी ती आत गेली नाही. कमरेवर हात ठेवून मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मी काय तुमच्या दारातली तुळस हाय का? सकाळी पाणी घातलं की झालं? मला पाय हाय! मला तोंड हाय! मला मराठी येतंय! तुमीच मला शिकवलं आन् तुमीच म्हणता गप बस. मग कशाला शिकवलं? भिंतीसंगं बोलायला?"

मी अंथरुणावर उठून बसले. पाय 'आहेत' पाहिजे होतं, मराठी 'येते' पाहिजे होतं, पण ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दारातल्या तुळशीची ती गोष्ट आमच्या घरात, गावात, कुठंही, कुणी कधी म्हटलेली नव्हती. तिनं ती तिथल्या तिथं, रागाच्या भरात, उसन्या भाषेत बनवली होती.

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. मग त्यांनी दोन्ही हात एकमेकांवर आपटले आणि ओरडल्या, "भांडली गं! बघ, मराठीत भांडली! एक शब्द अडला न्हाई!" त्या उठून शेजारच्या भिंतीपाशी गेल्या आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आमची धाकटी भांडायला लागली वो!"

धाकटीला हसावं का रडावं कळेना. राग तर अजून होता, पण ज्यांच्यावर राग होता त्याच तिचं कौतुक करत होत्या. "मग जाऊ का?" ती म्हणाली.

"जा माय. कुणाच्या बापाला भिऊ नको. तुझ्या तोंडापुढं पूर्णा काय टिकतीय?"

ती गेली, आणि अस्तराचं कापड बरोबर रंगाचं घेऊन आली. शिवाय येताना ऑटोतल्या दोन बायकांचे ब्लाउजही शिवायला घेऊन आली. वाटेत त्यांच्याशी बोलून पटवलं होतं.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. बाळाशी ती पहिल्या दिवसापासून तिच्याच भाषेत बोलायची. आमच्याशी इतकी फडाफडा मराठी बोलणारी बाई बाळाला मांडीवर घेतलं की दुसऱ्याच मुलखात जायची. मी एकदा म्हटलं, "मराठीत बोल की." ती म्हणाली, "नानी, मराठीत मला सगळं बोलता येतं. पण बाळाला काय म्हणायचं ते मला कुणी मराठीत म्हणलंच न्हाई ना. मी लहान असताना ऐकलं तेच तोंडात येतंय."

मी परत तिला ते सांगितलं नाही. शेजारच्या बायका मात्र सांगायच्या, दोन दोन भाषांनी लेकराचा गोंधळ होतो, उशिरा बोलतं. आणि खरंच, पोरगी उशिरा बोलली. दीड वर्षाची झाली तरी नुसतं बोट दाखवायची. मला आतून धाकधूक वाटत होती. दीर तोवर हैदराबाद सोडून आले होते, पूर्ण्यात त्यांनी पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधून द्यायचं दुकान टाकलं होतं. तेही रोज रात्री येऊन विचारायचे, "आज काई म्हणाली का?"

बोलायला लागली तेव्हा दोन्ही भाषांत एकदम बोलायला लागली. गोंधळ कसला! तिनं भाषा माणसांना वाटून दिल्या होत्या. आईशी बोलायची ती ओडिया, बाकी सगळ्यांशी मराठी. माझी मुलगी मला आई म्हणते, तिचं ऐकून ही पण मला आई म्हणायची, आणि स्वतःच्या आईला बोउ. मांजर दिसलं की आईला एका शब्दात सांगायची आणि लगेच मान वळवून मला दुसऱ्या. एकदा मी तिला गंमत म्हणून माझ्या तुटक्या ओडियात 'आस, आस' म्हणून जवळ बोलावलं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी तिच्या आईची साडी नेसून उभी होते. आणि मराठीत म्हणाली, "नीट बोल."

ती तीन वर्षांची असताना धाकटीची आई पहिल्यांदा आमच्याकडं आली. मुलाला सोबत घेऊन, सिकंदराबादला गाडी बदलून, चुडाव्याला उतरली. बारीक, ताठ, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. भाऊ दोन दिवसांत कामावर परत गेला, त्या राहिल्या. त्यांच्याकडं आईच्या आईला 'आई' म्हणतात. म्हणजे बघा, मी सासूबाईंना आई म्हणते, पोरगी मला आई म्हणते, आणि आता ही आजी पण आई! सकाळी पोरीनं अंगणातून "आई!" म्हणून हाक मारली की आम्ही दोघी वळायचो. सासूबाई म्हणायच्या, "या घरात नुसत्या आयाच झाल्यात." पोरगी मात्र कधी चुकली नाही. मला हाक मारायची तर आवाज वेगळा, आजीला मारायची तर वेगळा. आजीच्या 'आई'ला ती किंचित लांबवायची. आम्हाला ते ओळखायला दिवस लागले.

दोन्ही म्हाताऱ्यांचं सगळं बोलणं पोरीमार्फत चालायचं. दोघींच्या मध्ये बसून ती इकडचं तिकडं करायची, पण तिच्या मर्जीनं. सासूबाई म्हणाल्या, "विचार तुझ्या आजीला, आमच्याकडची ज्वारीची भाकरी चावती का त्यांना?" पोरीनं विचारलं. आजी बराच वेळ बोलल्या, हात हलवून, दात दाखवून. पोरगी सासूबाईंकडं वळली आणि म्हणाली, "न्हाई."

"एवढं बोलल्या त्या, आन् नुसतं न्हाई?"

"बाकीचं उगंच हाय," पोरगी म्हणाली.

त्या राहायला आल्यावर काही दिवसांनी धाकटी पोरीला घेऊन दवाखान्यात गेली, लस टोचायची होती. घरात मी आणि दोन म्हाताऱ्या. सासूबाईंचा डोळा लागला होता. मी मशीनवर होते, कुणाचा तरी ब्लाउज घाईचा होता, बाहीला चुन्या घालत होते. धाकटीची आई माझ्याजवळ खाली बसून दोरे तोडत होती, मुलीसारखीच, न सांगता. मध्येच त्यांनी मान वर न करता विचारलं, "मो झिअ एठि हसे तो?"

"हसती की," मी म्हटलं. "लय हसती. आमाला पण हसवती."

त्यांनी मान हलवली आणि दुसरा दोरा तोडला. मी आणखी थोडी शिलाई मारली. आणि मग माझा पाय आपोआप थांबला. पोरगी तर घरात नव्हती. त्यांनी काय विचारलं ते मला कुणी सांगितलं?

माझी मुलगी इथं हसते ना, असं विचारलं होतं त्यांनी. मला ते शब्द म्हणून ऐकूच आले नव्हते, अर्थच आला होता सरळ. मी ती भाषा कधी शिकले नव्हते. धाकटी पोरीशी बोलायची, फोनवर आईशी बोलायची, भांडी घासताना गाणी म्हणायची, आणि मी आपली मशीन चालवत असायची. वर्षानुवर्षं ते कानावरून जात होतं असं मला वाटत होतं. ते कुठंच गेलं नव्हतं. आतच राहिलं होतं आणि माझ्या नकळत आपापल्या जागी बसत होतं.

मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. त्यांच्याही ध्यानात आलं असावं. कारण त्यांनाही माझं मराठी उत्तर कळलं होतं, नाहीतर मान कशी हलवली असती? त्यांनी पोरीनं सांगायची वाट बघितली नव्हती. आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाई जाग्या झाल्या.

"काय झालं?"

"काई न्हाई, आई. आमी बोलायलोय."

"कोण कुणासंगं?" त्यांनी पोरीला शोधलं. पोरगी नव्हती. मग त्याही उठून येऊन बसल्या, म्हणाल्या, "मला पण सांगा." आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघी म्हाताऱ्या आणि मी बोलत बसलो, त्या त्यांच्या भाषेत, आम्ही आमच्या. काही कळलं, काही अंदाजानं घेतलं, काही सोडून दिलं. लेकीचं लहानपण कळलं. शेजारणीच्या सुनेचंही बरंच कळलं. ब्लाउज दुसऱ्या दिवशी दिला, त्या बाई थोड्या रागावल्या.

धाकटी दवाखान्यातून आली, तिला सांगितलं, तर तिचा विश्वासच बसेना. तिनं माझी परीक्षा घेतली. काही काही वाक्यं टाकली, मी त्यांचा अर्थ सांगितला. काहींचा चुकला. मग तिनं पोरीला खाली ठेवलं आणि माझा हात धरून गोल फिरली, अंगणात, सगळ्यांच्या देखत.

पण ऐकणं आणि बोलणं या दोन गोष्टी वेगळ्या, ते मला त्यानंतर कळलं. तिची आई गावी गेल्यावर मी ठरवलं, आता बोलायचंच. कान तयार होता, पण तोंड? शब्द मनात स्पष्ट दिसायचा, ओठांशी आला की मराठी होऊन जायचा. तो शेवटचा अर्धा स्वर माझ्याच्यानं येईना. एक तर मी तो गिळायची किंवा मग त्याचा चांगला ओ करून टाकायची. पोरगी आता पाच वर्षांची आहे. आता ती मला 'नीट बोल' म्हणत नाही, शिकवते. समोर बसून माझे गाल दोन्ही हातांनी धरते आणि म्हणते, "आई, ओठ एवढे उघड. जास्त न्हाई. आता थांबू नको, थोडं पुढं जा." मी म्हणते. ती कपाळाला हात लावते. परत म्हणते.

परवा धाकटीनं तिच्या आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी बाकी सगळं विसरले आणि पाठ केलेलं एक वाक्य म्हटलं, "मुँ भल अछि." मी बरी आहे. मग त्या माउलीनं असं धरून घेतलं की हिला आता सगळंच येतंय, आणि जी सुटली ती सुटली. पाऊस, कुणाचं तरी लग्न, गुडघा, कुणीतरी शहरात गेलं, परत पाऊस. मी 'हँ, हँ' म्हणत राहिले. धाकटी आणि पोरगी समोर पोट धरून हसत होत्या. मध्येच एक वाक्य मला अख्खं, स्वच्छ समजलं, आणि मी फोन कानाला धरूनच सासूबाईंना ओरडून सांगितलं, "आई, त्यांच्या छेळीला दोन पिल्लं झालीत!"

"शेळीला म्हण," सासूबाई आतून म्हणाल्या. "आन् पिल्लं पाटी हायत की बोकड, ते विचार."